खोटे अंकुर, खरे नाव



रोह्याचा माणूस पेणला बोलायला आला की पहिल्यांदा गाडीचे बोलतो. तर दिवा-रोहा गाडी आज वेळेवर होती. हे शुभचिन्ह समजून मी विषयाला हात घालतो.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी मला एकदा डिवचले होते. म्हणाले, "तुम्ही पॅथॉलॉजिस्ट लोक म्हणजे नाटकातले प्रॉम्प्टर. सगळे नाटक तुमच्या शब्दावर चालते, पण प्रेक्षकाला तुमचे तोंड कधी दिसत नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. पेशंटला आमची फक्त सही दिसते, तीही रिपोर्टच्या तळाशी. आज तोंड दाखवायची संधी मिळाली आहे, तेव्हा पडद्यामागे काय चालते ते एका गाठीच्या निमित्ताने सांगावे असे मनात आहे. ती गाठ स्वादुपिंडाची, आणि स्वादुपिंडाच्या गाठींतही दुर्मिळ. ती तुमच्याच खारेपाटातून माझ्या टेबलावर आली होती आणि तिच्यासोबत डॉक्टरांच्या हातची एक चिठ्ठी होती.

'स्वादुपिंडाचा कॅन्सर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोण येते? माझ्या पिढीला नर्गिस आठवते. न्यूयॉर्कला जाऊन उपचार झाले, तरी ३ मे १९८१ रोजी मुंबईत ती गेली. तरुण पिढीला मनोहर पर्रीकर आठवतात. नाकात नळी आणि तशाच अवस्थेत कामावर आलेले मुख्यमंत्री आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिले. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. अशी उदाहरणे समोर असताना माणसाने हे शब्द ऐकले की तो पुढचे ऐकायचे थांबतो. डॉक्टर बोलत राहतात, नातेवाईक मान हलवतात, पण मनात हिशेब सुरू झालेला असतो : किती महिने?

ही भीती निराधार नाही. स्वादुपिंडात होणाऱ्या कर्करोगांपैकी दहातले जवळजवळ नऊ एकाच जातीचे असतात. स्वादुपिंडाचा पाचकरस वाहून नेणाऱ्या ज्या बारीक नलिका असतात त्यांच्या अस्तरातून तो उगवतो. तो फार दगाबाज. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, साधारण पंधरा सेंटीमीटर लांबीचा हा अवयव आडवा पडलेला असतो. तिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही. कावीळ दिसेपर्यंत, वजन उतरेपर्यंत, पाठ दुखेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येईल अशा अवस्थेत सापडणारे पेशंट शंभरात पंधरा-वीसच.

माझे आजचे सगळे भाषण उरलेल्या दहाव्या भागाबद्दल आहे. एकाच पिंडातून उगवणारे, एकाच नावाने ओळखले जाणारे, पण स्वभावाने एकमेकांशी काडीचे नाते नसलेले हे रोग आहेत. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज आठवा. त्यांची गाठ २००३ मध्ये सापडली आणि ते २०११ पर्यंत जगले, कारण ती संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या कुळातली, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन गाठ होती. ज्या पेशींच्या पुंजक्यांतून आपले इन्सुलिन येते, त्यांच्या भाऊबंदांची. आणि याच दहाव्या भागाच्या एका कोपऱ्यात ती गाठ बसलेली आहे जिची गोष्ट मी सांगणार आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी खारेपाटातली, वय तेवीस. नोकरी रोह्याला, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीच्या हिशेब खात्यात. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत, पण गाठीबद्दल एक अक्षरही बदललेले नाही. जेवल्यावर पोट डब्ब होते, डावीकडे जड वाटते, एवढीच तक्रार. वर्षभर गॅसच्या गोळ्या झाल्या. मग कोणी म्हणाले पिशवीची गाठ असेल. घरात तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त बघणे चालू होते, त्यामुळे 'पिशवी' हा शब्द ऐकताच आईने तो विषय तिथेच दाबला. शेवटी एक दिवस मुलगी एकटीच पेणला डॉक्टरांकडे आली.

डॉक्टरांनी काय केले? टेबलावर झोपवले आणि पोटावर हात ठेवला. पुढे सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झाला, पनवेल झाले, मुंबई झाली, ऑपरेशन ठरले. पण मुंबईला तिच्या कागदांत जी पहिली चिठ्ठी होती ती डॉक्टरांची. ती मला पाठ आहे : "डाव्या बरगडीखाली सोललेल्या नारळाएवढी गाठ. थोडी सरकते. कावीळ नाही. वजन घटलेले नाही. भूक आहे. मुलगी तरुण. हा नेहमीचा दिसत नाही. काप नीट बघावेत."

हातात मशीन नसलेल्या माणसाने केवळ बोटांनी आणि चार प्रश्नांनी लिहिलेले हे निदान आहे. 'हा नेहमीचा दिसत नाही' या चार शब्दांत पुढचे सगळे होते.

सर्जनने स्वादुपिंडाची शेपटी गाठीसकट काढली आणि ती बरणी माझ्या टेबलावर आली. आता आमच्या खोलीत या.

फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरतात तेवढी सवय करून घ्या. गाठ गोल, गुळगुळीत, बाहेरून राखाडी पापुद्र्यात गुंडाळलेली. मोजली तर नऊ सेंटीमीटर. नेहमीचा स्वादुपिंडाचा कर्करोग असा कधी दिसत नाही. तो घट्ट, पांढरा, तारेच्या कुंपणासारखा आजूबाजूला रुतलेला असतो. त्याची हद्द कुठे संपते ते बोटाला कळत नाही. ही मात्र डबीत ठेवल्यासारखी. मग लांब सुरीने मधोमध कापली. कडेला मऊ, फिकट पिवळसर मांस. मध्यभागी जुन्या रक्ताचा तपकिरी चिखल आणि पोकळ्या. पिकून आतून सडलेल्या पपईसारखे म्हणा हवे तर. बाहेरून सुबक आणि आतून पडझड, हे या गाठीचे पहिले लक्षण.

त्यातले दहा-बारा तुकडे घेतले, पाण्याचा अंश काढून मेणात बसवले. या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. माणसाच्या केसाच्या जाडीत असे वीसेक काप मावतील. ते काचेवर चिकटवून दोन रंग दिले जातात. एक निळा-जांभळा, मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारा; तो पेशीच्या केंद्रकात मुरतो. दुसरा गुलाबी, तो बाकीच्या अंगात. शंभर वर्षांहून जास्त काळ हे दोनच रंग आमचे डोळे आहेत.

दुर्बिणीखाली काय दिसले ते नीट ऐका, कारण माझी चूक इथेच होणार आहे.

एकसारख्या, शांत दिसणाऱ्या पेशींचे थर. केंद्रके गोल-लांबट, काहींना कॉफीच्या बीसारखी मधोमध चीर. पेशी विभागताना फारशा दिसत नाहीत. मध्येच पेशींच्या आत आणि आसपास गुलाबी काचेचे मणी पसरलेले. पेशींच्या ओळींतून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या. मी मनात म्हटले, न्यूरोएंडोक्राइन, जॉब्जची गाठ. ती अशीच एकसारखी दिसते. संध्याकाळ झाली होती, पनवेलला जाणारी गाडी पकडायची होती. पहिल्या टप्प्याच्या विशेष तपासण्यांत त्या कुळाची एक खूण फिकटशी उमटलेलीही होती. मनाला हवा तो पुरावा डोळ्यांना नेहमी लवकर दिसतो. रिपोर्टचा मसुदा मी टाइप करून ठेवला.

सही करायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सही करण्याआधी ती चिठ्ठी पुन्हा हाती आली. 'काप नीट बघावेत.' म्हणून पुन्हा बसलो, या वेळी गाठीच्या कडेपासून मध्यापर्यंत सरकत सरकत.

कडेला पेशी दाट होत्या. मध्याकडे जाताना चित्र बदलत गेले. रक्तवाहिनीला चिकटलेल्या पेशी जागेवर होत्या, पण वाहिनीपासून लांबच्या पेशी सुटून गळून पडल्या होत्या. मधे रिकामी जागा, कोलेस्टेरॉलचे सुईसारखे खाचे, मेलेल्या पेशी गिळून फुगलेल्या सफाई कामगार पेशी. रोह्याच्या लोकांना हे लगेच उमगेल. कालव्याचे पाणी सुटते तेव्हा कडेचे वाफे हिरवे राहतात आणि पाणी न पोचलेले लांबचे वाफे वाळून जातात. वरून पाहिले तर वाटावे, कोणीतरी मुद्दाम कालव्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवी नक्षी काढली आहे. गाठीत नेमके हेच झाले होते. मधे वाहिनी, भोवती पेशींची झालर, आणि असे देठ जागोजाग उभे. पहिल्या नजरेला ते बोटांसारखे वर वाढलेले अंकुर वाटतात. प्रत्यक्षात त्यातला एकही वर वाढलेला नसतो. आजूबाजूचे पडले म्हणून जे राहिले ते उभे दिसते. आमच्या शास्त्रात त्यांना स्यूडोपॅपिला म्हणतात, म्हणजे खोटे अंकुर.

आणि गाठीचे नाव तेच : सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम. कुठे भरीव, कुठे खोट्या अंकुरांची गाठ.

पण संशय म्हणजे निदान नव्हे. तेव्हा दुसऱ्या फेरीचे रंग मागवले. यात प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशीतले एकेक प्रथिन हुडकून तपकिरी रंगवतात. न्यूरोएंडोक्राइन कुळाची पक्की खूण असलेले क्रोमोग्रॅनिन उमटलेच नाही. प्रोजेस्टेरॉन या स्त्रीसंप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक उमटले. आणि बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाची काच दुर्बिणीखाली ठेवली तेव्हा मी खुर्चीतून उठलो. सगळी केंद्रके तपकिरी! जणू कोणी प्रत्येक पेशीच्या गाभ्यात चहाचा डाग टाकला आहे.

यात उठण्यासारखे काय, असे तुम्ही विचाराल. बीटा-कॅटेनिनचे घर केंद्रकात नाही. त्याची जागा पेशीच्या कडेवर, शेजारणीच्या भिंतीला टेकून. तिथे ते दुसऱ्या एका प्रथिनाच्या, ई-कॅड्हेरिनच्या, साथीने पेशींचे हात एकमेकींच्या हातात धरून ठेवते. जास्तीचे झाले की पेशी त्यावर मोडीचा शिक्का मारते आणि मोडून टाकते. या गाठीत त्याच्या जनुकात नेमक्या त्या जागी चूक झालेली असते जिथे हा शिक्का बसायचा. शिक्का बसत नाही, मोडणी होत नाही; प्रथिन साठत जाते आणि केंद्रकात शिरून 'वाढा, वाढा' असे हुकूम सोडू लागते. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा २० गाठी तपासल्या. त्यांतल्या १८ मध्ये ही चूक सापडली.

आता गंमत बघा. या एकाच चुकीत सगळे आले. प्रथिन केंद्रकात गेले म्हणून केंद्रक तपकिरी दिसले. कडेवरचा पहारा उठला म्हणून पेशींचे हात सुटले. हात सुटले म्हणून लांबच्या पेशी गळल्या, पोकळ्या झाल्या, रक्त साचले, आणि खोटे अंकुर उभे राहिले. हातात घेतलेली सडक्या पपईसारखी गाठ आणि पेशीच्या गाभ्यातला तपकिरी डाग या एकाच वाक्याच्या दोन बाजू आहेत. तीस-पस्तीस वर्षे या धंद्यात काढली. कारण आणि रूप यांची इतकी सरळ गाठ फार थोड्या रोगांत पाहिली.

नेहमीच्या कर्करोगाशी ताडून पाहा. त्याच्या जनुकांत कितीतरी मोडतोड असते. वाढीचे बटण अडकवून टाकणारे, पहारेकरी जनुकांना मारणारे असे चार-चार नामांकित गुन्हेगार एका टोळीत असतात. या गाठीत सगळ्या जनुकांची अक्षरे वाचून काढली तेव्हा सरासरी तीनेक चुकाच सापडल्या. टोळी नाही, एकटा माणूस. म्हणूनच तिचा स्वभाव बहुधा शांत.

मुलीचे वडील रिपोर्ट घ्यायला स्वतः आले. मिठाच्या पाण्याशी उभा जन्म झगडलेला शेतकरी. रिपोर्टच्या खिडकीवर कागद द्यायचा आणि मोकळे व्हायचे, ही आमची पद्धत. त्यांनी कागद घेतला, इंग्रजीतली ती लांबलचक ओळ पाहिली आणि विचारले, "साहेब, ह्याला म्हणतात काय?" मी त्यांना आत बोलावले. मराठी शब्द माझ्याजवळ नव्हता. म्हणून बीटा-कॅटेनिनची गोष्ट सांगितली, कडेवर राहायचे ते गाभ्यात जाऊन बसले, अशी. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजे बांधावरचा राखणा घरान जाऊन बसला."

मंडळी, खारेपाटात हे समजवायला नको. समुद्राच्या भरतीला अडवून धरणारा बांध, पावसाचे पाणी सोडणारी उघाडी, आणि बांधाला खांड गेली तर रातोरात गावाने मातीची ढेकळे घेऊन धावायचे. कारण खारे पाणी एकदा शेतात शिरले की भाताची दोन-तीन वर्षे गेली. राखण करणारा बांधावर असेपर्यंत बांध आहे. तोच घरात जाऊन हुकूम सोडू लागला तर बांध बसणारच. आमची पाठ्यपुस्तके दोन पाने खर्च करतात ते या माणसाने सहा शब्दांत सांगितले. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना ही गाठ मी त्याच्याच शब्दांत शिकवतो.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, जो तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल : मुलगी केमिकलच्या कंपनीत होती, म्हणून हे झाले का? मी सांगितले ते आजही सांगतो. या विशिष्ट गाठीचे बाहेरचे असे कोणतेही कारण सापडलेले नाही. तंबाखूने नेहमीच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे पक्के आहे. या गाठीबद्दल तसे काहीच नाही. ती दहात नऊ वेळा स्त्रियांना होते, बहुतेक विशी-तिशीत. बायकांनाच का? एक अंदाज असा की गर्भात अंडाशय ज्या उंचवट्यातून बनते तो स्वादुपिंडाच्या अगदी शेजारी असतो आणि तिथल्या काही पेशी चुकून पलीकडच्या घरात राहून जातात. पण हा अंदाजच आहे. मी एवढेच म्हणालो, तुमच्या हातून, तिच्या हातून, कोणाच्याच हातून काही चुकलेले नाही. तो माणूस त्या एका वाक्याने जितका हलका झाला तितका ऑपरेशन यशस्वी झाल्याच्या बातमीनेही झाला नव्हता.

या गाठीला पहिल्यांदा ओळखणारी व्यक्तीही एक बाईच होती. व्हर्जिनिया नीलँड फ्रँट्झ. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९२२ च्या सुमारास सर्जरीची इंटर्नशिप करणारी तिथली पहिली स्त्री. पुढे सर्जरीतून ती दुर्बिणीकडे वळली. ॲलन व्हिपल हे नाव पोटाच्या सर्जनांना देवासारखे. स्वादुपिंडाच्या डोक्याचे जे अवघड ऑपरेशन आज टाटा हॉस्पिटलात होते त्याला व्हिपलचेच नाव आहे. त्या व्हिपलबरोबर फ्रँट्झबाईंनी १९३५ साली इन्सुलिन बनवणाऱ्या गाठींवर निबंध लिहिला. आणि १९५९ साली स्वादुपिंडाच्या गाठींवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही वेगळी गाठ नोंदवली. ती चांगली की वाईट हे तेव्हा ठरत नव्हते, म्हणून नावातही दोन्ही शक्यता ठेवल्या. मग पुढची चाळीस वर्षे ज्याने पाहिली त्याने आपापले नाव दिले. कोणी फ्रँट्झची गाठ म्हणाले, कोणी हमूदीची, कोणी भरीव-पोकळ गाठ. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये एक नाव ठरवले आणि २०१० मध्ये असेही ठरवले की अशी प्रत्येक गाठ कमी तीव्रतेचा का होईना, पण कर्करोगच समजावी.

यावर कोणी विचारील, शांत असेल तर कर्करोग का म्हणायचे? कारण शंभरात दहा-पंधरा वेळा ती पसरते, बहुधा यकृतात किंवा पोटाच्या आवरणात. आणि कोणती पसरेल हे दुर्बिणीखाली खात्रीने सांगता येत नाही. म्हणून पेशंटला दरवर्षी बोलवायचे, दहा वर्षांनीसुद्धा. पण पूर्ण काढलेल्या गाठीनंतर पाच वर्षे जगणारे शंभरात पंचाण्णवहून जास्त असतात. पसरलेल्या गाठींवरही ऑपरेशन करून माणसे वर्षानुवर्षे जगतात. नेहमीच्या कर्करोगाच्या शेजारी हे आकडे ठेवा. पिंड तोच आहे, सोनोग्राफीवर दिसणारा गोळाही तसाच असू शकतो. फरक आहे तो फक्त नावात.

माझे म्हणणे इथे येऊन थांबते. रोगाचे अचूक नाव हा उपचाराचा पहिला डोस आहे. माझ्या मसुद्यावर सही झाली असती, तर ती मुलगी मेली नसती. पण चुकीच्या तपासण्या, चुकीची औषधे, चुकीची भीती तिच्या मागे लागली असती. आणि कुणी 'स्वादुपिंडाचा कॅन्सर' एवढेच बोलून मोकळे झाले असते, तर त्या घराने मुलीचे दिवस मोजायला सुरुवात केली असती.

आपल्या भागात नीट बघण्याची परंपरा आहे. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे ते जनक. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर एक निबंध लिहिला. कमरेला धोतर घट्ट बांधण्याच्या जागी काही लोकांना कातडीचा कर्करोग होतो, हे त्यांनी दाखवले. किती साधी गोष्ट! लाखो माणसे रोज धोतर नेसत होती, पण दुर्बिणीखालच्या कापाचा संबंध कमरेच्या गाठीशी जोडायला खानोलकरांचे डोळे लागले. तसेच १९५२ साली के.ई.एम.मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे रक्त सापडले जे कोणत्याच गटात बसेना. जगभर त्याला आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एकाला तो असतो. दुर्मिळ म्हणजे आपल्याकडे नसलेले, असा एक समज आहे. दुर्मिळ वस्तू आपल्याकडेही असते. बघणारा तयार हवा, एवढेच.

आता खारघरला, आपल्याच रायगड जिल्ह्यात, टाटाचे कर्करोग संशोधन केंद्र उभे आहे. एके काळी गाठीची बरणी घेऊन परळपर्यंत जावे लागे. आता पेणहून खारघर किती लांब, हे तुम्हीच मला सांगाल. पण संस्था जवळ आली म्हणून काम संपत नाही. काही गोष्टी तुमच्या हातातही आहेत. त्या मी व्याख्यान म्हणून सांगत नाही, घरातल्या माणसासारख्या सांगतो.

कोणतीही काढलेली गाठ तपासायला गेलीच पाहिजे. 'साधी होती, टाकून दिली' हे वाक्य खपवून घेऊ नका. ती फॉर्मॅलिनमध्ये हवी. सलाइनमध्ये नको, स्पिरिटमध्ये नको, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. फॉर्मॅलिन गाठीच्या दसपट हवे आणि बरणी रुंद तोंडाची हवी. लोणच्याच्या अरुंद बाटलीत कोंबलेली गाठ मी अनेकदा फोडून काढली आहे. नाव बरणीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, झाकणे बदलतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, मेणाचे ब्लॉक सांभाळा. रिपोर्ट म्हणजे माझे मत. ब्लॉक म्हणजे पुरावा. दुसरे मत घ्यायचे असेल तर कागद पुरत नाही, ब्लॉक मागा. तो मागणे म्हणजे पहिल्या डॉक्टरवर अविश्वास दाखवणे नव्हे. मीही माझ्या पहिल्या दिवसावर विश्वास ठेवला नाही, म्हणून आज इथे उभा आहे.

बार्शीला ग्रामीण भागातले कर्करोग रुग्णालय आहे. त्याला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. १९८७ पासून तिथल्या भागात गावोगाव जाऊन कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. ज्या आजाराने नर्गिस गेली त्याच्या नोंदी तिच्या नावाच्या छताखाली होतात. प्रत्येक नोंदीच्या मुळाशी कोणीतरी एकाने एक काप नीट पाहिलेला असतो.

शेवटी त्या चिठ्ठीकडे येतो. माझा रिपोर्ट गेल्यावर डॉक्टरांनी मला फोन केला नाही. नंतर कळले की त्याच संध्याकाळी ते दवाखाना बंद करून मुलीच्या गावी गेले होते, बांधावरून चालत. काही वर्षांनी एका कामासाठी मी त्या गावात गेलो, तेव्हा तिच्या आईने देवघरातून एक कागद काढून दाखवला. डॉक्टरांच्याच प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागचा. वर देवनागरीत तीन शब्द फोडून लिहिले होते, कोणालाही वाचता यावेत असे : सॉलिड, स्यूडोपॅपिलरी, निओप्लाझम. आणि खाली, वडिलांनी सांगितलेले ऐकून लिहिलेले :

"बांध शाबूत आहे. दरवर्षी एकदा बघून यायचे."